चौदा हजार पतंगांना नावे देणारे शिक्षक : एडवर्ड मेरिक

(थोरांची ओळख – इयत्ता ६ वी ते ८ वी, मराठी व सामान्य विज्ञान पूरक वाचन)



शास्त्रज्ञ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठी प्रयोगशाळा आणि पांढरा कोट येतो. आज ज्यांची माहिती आपण घेणार आहोत त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. ते शाळेत शिकवायचे, तेही विज्ञान नव्हे, तर लॅटिन आणि ग्रीक या जुन्या भाषा. पण शाळा सुटल्यावर उरलेल्या वेळात त्यांनी चौदा हजारांहून जास्त पतंगांची जगाला पहिली ओळख करून दिली. त्यांचे नाव एडवर्ड मेरिक. त्यांनी वर्णन केलेला एक पतंग आज आपल्या महाराष्ट्रातल्या टोमॅटोच्या शेतात आहे. तो इथे कसा आला आणि मेरिक यांच्या कामाचा आपल्याला काय उपयोग झाला, तेही आपण पाहू.

आधी ओळख पानातल्या अळीची

लिंबाच्या किंवा संत्र्याच्या झाडाची कोवळी पालवी नीट पाहिली आहे का? काही पानांवर चांदीसारखी चमकणारी, नागमोडी वळणांची रेघ दिसते. कुणीतरी पानावर गिरगटून ठेवल्यासारखी. ही रेघ म्हणजे एका बारीक अळीची वाट असते. अळी पानाच्या वर नसते आणि खालीही नसते. ती पानाच्या आत असते! पानाची वरची पातळ त्वचा तशीच ठेवून ती तिच्याखालून पोखरत पुढे सरकते. जसजशी अळी मोठी होते तसतशी रेघ रुंद होत जाते. रेघेच्या मधोमध काळसर धागा दिसतो, ती अळीची विष्ठा. शेवटी अळी पानाची कड दुमडून घेते आणि तिथे कोष करते. त्या कोषातून जो पतंग बाहेर पडतो तो पंख पसरूनही जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा असतो. तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान!

शेतकरी दादा या अळीला नागअळी किंवा पाने पोखरणारी अळी म्हणतात. लिंबावरच्या या पतंगाचे शास्त्रीय नाव फिलोक्निस्टिस सिट्रेला. हेन्री स्टेंटन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने 1856 मध्ये कलकत्त्याहून आलेल्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. एवढ्या लहान पतंगांकडे तेव्हा फार थोड्या लोकांचे लक्ष होते. रंगीबेरंगी फुलपाखरे सगळ्यांना हवीहवीशी वाटायची, पण हे धुळीच्या कणासारखे जीव कोण बघणार? मेरिक यांनी मात्र जन्मभर तेच बघितले.

बालपण आणि शिक्षण

एडवर्ड मेरिक यांचा जन्म 25 नोव्हेंबर 1854 रोजी इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात, केनेट नदीकाठच्या रॅम्सबरी या गावी झाला. घराणे धर्मोपदेशकांचे. जवळच्याच मार्लबरो गावातल्या मार्लबरो कॉलेज या शाळेत ते शिकले. नावात कॉलेज असलं तरी ती मुलांची निवासी शाळा होती, बरं का.

शाळेत असतानाच त्यांना पतंगांचा नाद लागला. संध्याकाळी दिव्याभोवती येणारे पतंग, कुंपणाच्या फळ्यांना चिकटून बसलेले पतंग, झाडाच्या सालीत लपलेल्या अळ्या आणि कोष, असं सगळं ते शोधत फिरायचे. दिवा, कुंपण आणि झाड यांतलं काहीच या मुलाच्या नजरेतून सुटत नाही, अशी त्यांची ख्याती झाली होती. पुढे ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकले. अभ्यास भाषांचा आणि छंद पतंगांचा, हे दोन्ही त्यांनी बरोबरीने चालवले. 1875 पासून त्यांच्या टिपणांची छपाई सुरू झाली. तेव्हा त्यांचे वय होते अवघे वीस-एकवीस.

ऑस्ट्रेलियात मोकळे रान

1877 च्या अखेरीस मेरिक शिक्षकाची नोकरी करायला ऑस्ट्रेलियाला गेले. पुढची जवळजवळ दहा वर्षे त्यांनी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या शाळांत शिकवले.

इंग्लंडमधले बरेचसे पतंग आधीच्या लोकांनी शोधून, नावे देऊन ठेवले होते. ऑस्ट्रेलियात मात्र उलट परिस्थिती. तिथली झाडे वेगळी, म्हणून झाडांवरचे कीटकही वेगळे. बारीक पतंगांचा अभ्यास तर जवळजवळ झालेलाच नव्हता. जाळी टाकावी आणि नवा पतंग मिळावा, असे दिवस होते ते. मेरिक यांनी सुट्ट्यांमध्ये रानोमाळ फिरून नमुने जमवले आणि त्यांची वर्णने तिथल्याच विज्ञान संस्थांच्या पत्रिकांमध्ये एकामागून एक छापली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या बारीक पतंगांच्या अभ्यासाचा पाया त्यांनी घातला, असे आजही मानतात.

वर्णन करायचे म्हणजे काय करायचे?

मित्रांनो, नवी जात शोधली असं आपण सहज म्हणतो. पण ते काम कसं चालतं ते समजून घेऊ या.

समजा एक अनोळखी पतंग सापडला. पहिला प्रश्न, तो खरंच नवा आहे का? त्यासाठी आधी कुणी कुठे काय छापले आहे ते सगळे वाचावे लागते. मग पतंगाचे निरीक्षण करायचे. शृंगिका किती लांब? तोंडाजवळचे अवयव वर वळलेले की सरळ? पुढच्या पंखावर पट्टे किती, ठिपके कुठे, रंग कोणता? पंखांवरचे खवले बाजूला केल्यावर शिरांचे जाळे दिसते, त्यातली कोणती शीर कुठून फुटते? हे सगळे ठरावीक क्रमाने लिहून काढायचे. त्यानंतर त्याला कुठल्या कुलात आणि कुठल्या प्रजातीत बसवायचे ते ठरवायचे आणि शेवटी जातीचे नाव द्यायचे. ज्या पतंगावरून वर्णन केले तो मूळ नमुना टाचणीला लावून, चिठ्ठी बांधून कायमचा जपून ठेवायचा. पुढे कुणाला शंका आली तर त्याच नमुन्याशी ताडून बघता येते.

मेरिक यांचे एक हत्यार होते हातातले भिंग, आणि दुसरे होते त्यांचे ग्रीक-लॅटिन. वर्गात ज्या भाषा शिकवायच्या त्यांच्यातूनच ते नावे घडवायचे. आंबा आणि काजूची कोवळी पाने पोखरणाऱ्या एका पतंगाला त्यांनी 1914 मध्ये अ‍ॅक्रोसरकॉप्स सिनग्रामा असे नाव दिले. ग्रीक भाषेत सिनग्रामा म्हणजे लिखाण! कोकणात, गोव्यात काजूच्या कोवळ्या पानांवर फोडासारखे पांढुरके डाग पडतात आणि नंतर तिथे भोके पडतात, ती याच पतंगाच्या अळीची करामत.

पुन्हा आपल्या शाळेत

1886 च्या शेवटी मेरिक इंग्लंडला परतले आणि ज्या शाळेत शिकले त्याच मार्लबरो कॉलेजात शिक्षक झाले. 1914 मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. शाळेच्या निसर्ग मंडळाच्या कामात त्यांनी मुलांना बरोबर घेतले. 1895 मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या पतंग-फुलपाखरांवर एक मोठे मार्गदर्शक पुस्तक लिहिले. कोणता गट कोणत्या गटापासून उत्क्रांत झाला असेल याचा विचार करून त्यांनी त्यात वर्गीकरण मांडले. 1904 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. शाळामास्तराला हा मान मिळणे ही लहान गोष्ट नव्हती.

1912 मध्ये त्यांनी दोन कामे हाती घेतली. एक म्हणजे पाने पोखरणाऱ्या पतंगांचे जे मोठे कुल आहे, त्याची जगभरातली यादी आणि मांडणी. दुसरे म्हणजे परदेशांतल्या बारीक पतंगांसाठी स्वतःची पत्रिका. ही पत्रिका ते स्वतःच प्रसिद्ध करत. ती 1937 पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, भागाभागाने निघत राहिली. जगाच्या कानाकोपऱ्यातून छोट्या डब्यांत पतंग मार्लबरोला यायचे आणि मास्तरांच्या टेबलावर त्यांना नावे मिळायची. 1875 पासून हिशेब केला तर दर आठवड्याला सरासरी चार नव्या जाती! करून बघा गणित.

भारतातून आलेले डबे

या डब्यांत भारतातले डबेही पुष्कळ होते. मेरिक यांनी भारतातल्या बारीक पतंगांवर एक मोठी लेखमाला लिहिली. ती छापली आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पत्रिकेने, 1905 पासून 1914 पर्यंत. म्हणजे काजूच्या पानातला पतंग इथला, अभ्यास इंग्लंडमध्ये, आणि लेखमाला मुंबईची!

पण इथे एक अडचण होती. जाळ्यात पकडलेला पतंग मेलेला असतो. तो कोणते झाड खातो हे त्याच्या पंखांवर लिहिलेले नसते. खरं तर बहुतेक पतंगांची मोठी झालेली पिढी पान खातच नाही, पान खाते ती अळी. पाने पोखरणारी अळी तर खाण्याच्या बाबतीत फारच चोखंदळ असते. लिंबावरची नागअळी लिंबाच्याच कुलातली झाडे धरून राहते. संत्रे, मोसंबी, बेल, कढीपत्ता ही तिची घरे. तिला पेरूचे पान दिले तर ती उपाशी मरेल. म्हणून पतंगाच्या नावाबरोबर त्याची खाद्यवनस्पती कळली तरच ओळख पूर्ण होते. नुसते नाव म्हणजे हजेरीपटावरचे नाव, आणि खाद्यवनस्पती म्हणजे घरचा पत्ता.

हा पत्ता शोधण्याचे काम इथल्या माणसांनी केले. बिहारमध्ये पुसा येथे सरकारी कृषी संशोधन संस्था होती. तिथले मुख्य कीटकतज्ज्ञ थॉमस बेनब्रिग फ्लेचर आणि त्यांचे सहकारी पोखरलेली पाने आणून डब्यांत, बरण्यांत ठेवायचे. अळीचा कोष होईपर्यंत आणि कोषातून पतंग निघेपर्यंत रोज लक्ष ठेवायचे, आणि मग तो पतंग झाडाच्या नावासह मेरिक यांच्याकडे पाठवायचे. मेरिक नाव द्यायचे आणि वर्णनाखाली झाडाची नोंद करायचे. 1920 च्या सुमारास फ्लेचर यांनी भारतातल्या अशा बारीक पतंगांच्या जीवनकथांचा ग्रंथ काढला. एकाकडे नाव आणि दुसऱ्याकडे पत्ता, अशी ही जोडी जमली होती.

पेरूपासून आपल्या शेतापर्यंत

आता येतो टोमॅटोचा पतंग. 1917 मध्ये मेरिक यांनी एका नव्या पतंगाचे वर्णन छापले. नमुना आला होता दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातून (हा पेरू म्हणजे फळ नव्हे हं!). तिथल्या अँडीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर हुआन्कायो नावाचे गाव आहे. तिथला हा करड्या रंगाचा, सेंटीमीटरभर पंखांचा, दिसायला अगदी साधा पतंग. मेरिक यांनी त्याचे नाव ठेवले थोरिमिया अ‍ॅब्सोल्युटा. त्या काळी या पतंगाला काही महत्त्व नव्हते. हजारोंतले एक वर्णन, एवढेच.

पुढे काही दशकांनी दक्षिण अमेरिकेत हीच अळी टोमॅटोची मोठी शत्रू ठरली. ती पान पोखरते, खोड पोखरते आणि फळातही शिरते. 2006 मध्ये ती युरोपात स्पेनला पोहोचली. तिथून ती आफ्रिका आणि आशियात पसरत गेली आणि 2014 मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या टोमॅटोवर सापडली.

आता विचार करा. शेतकऱ्याने पानावर पोखरल्याच्या खुणा पाहिल्या आणि तो म्हणाला, नागअळी आली. पण टोमॅटोवर आधीपासून दुसरी एक नागअळी होतीच. ती पतंगाची अळी नव्हे, ती एका छोट्या माशीची अळी! माशीच्या अळीची रेघ बारीक आणि वळणावळणाची असते. तिला पाय नसतात आणि वेगळे दिसणारे डोकेही नसते. पेरूहून आलेल्या पतंगाची अळी पानात रुंद, पसरट चट्टे करते. तिला डोके असते, पाय असतात. नाव एकच, पण जीव दोन. पतंगासाठी शेतात कामगंध सापळे लावतात. त्यात मादीच्या वासाने नर पतंग येऊन अडकतात. पण माशीसाठी हे सापळे लावले तर एकही माशी येणार नाही. ओळख चुकली की पैसा वाया, फवारणी वाया आणि पीकही जाते.

शास्त्रज्ञांनी पतंग तपासला आणि तो मेरिक यांचाच अ‍ॅब्सोल्युटा आहे हे ठरवले. नाव कळताच दक्षिण अमेरिका आणि युरोपातले अनेक वर्षांचे ज्ञान आपल्यासाठी खुले झाले. तो काय खातो, किती दिवसांत वाढतो, कोणत्या वासाला भुलतो, हे नव्याने शोधत बसावे लागले नाही. अचूक नावाची किंमत ही अशी असते.

या नावाची गंमत म्हणजे नंतरच्या अभ्यासकांनी हा पतंग वेगवेगळ्या प्रजातींत हलवला. बरीच वर्षे त्याला टुटा अ‍ॅब्सोल्युटा म्हणत, आणि आपले शेतकरी आजही टुटा म्हणूनच ओळखतात. 2021 मध्ये अभ्यासकांनी त्याला पुन्हा थोरिमिया प्रजातीत आणले. शंभर वर्षे फिरून तो मास्तरांनी दिलेल्या जागी परत आला!

जे त्यांनी केले नाही

थोर माणसाचे चरित्र म्हणजे नुसते गुणगान नव्हे. मेरिक यांच्या कामात एक मोठी उणीव राहिली, तीही समजून घेऊ.

बारीक पतंगांच्या कित्येक जाती बाहेरून अगदी सारख्या दिसतात. त्यांच्यातला फरक पोटाच्या टोकाशी असलेल्या अवयवांत असतो, आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. मेरिक यांच्या हयातीतच ही पद्धत पुढे आली होती. पण त्यांनी ती स्वीकारली नाही. भिंग आणि पंखांच्या शिरा पुरेत, असेच ते शेवटपर्यंत धरून बसले. शिवाय अनेक जाती त्यांनी एखाद्याच नमुन्यावरून लिहिल्या आणि बहुतेक वर्णनांना चित्र नव्हते. परिणाम असा झाला की काही पतंगांना दोनदा नावे पडली आणि काही चुकीच्या प्रजातीत गेले. नुसते वर्णन वाचून पतंग ओळखणे इतरांना जड जाऊ लागले.

31 मार्च 1938 रोजी मार्लबरो येथे मेरिक यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह लंडनच्या निसर्ग संग्रहालयात गेला. मग अमेरिकेचे जे. एफ. गेट्स क्लार्क यांनी तिथले मूळ नमुने एकेक करून तपासले, छायाचित्रे काढली, सूक्ष्मदर्शकाखालचे अवयव दाखवले. त्यांचे आठ खंड 1955 ते 1970 या काळात निघाले. मेरिक यांनी जे टाळले ते दुसऱ्या कुणाला इतकी वर्षे खपून करावे लागले. पण हेही लक्षात घ्या, मेरिक यांनी मूळ नमुने चिठ्ठ्यांसह जपून ठेवले होते म्हणूनच ही दुरुस्ती शक्य झाली. पुरावा शिल्लक असेल तर चूक सुधारता येते.

आपण काय घ्यावे?

मेरिक यांच्याकडून घेण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे सातत्य. रोज थोडे, पण साठ वर्षे. दुसरी, ज्याकडे कुणी बघत नाही त्याकडे बघण्याची सवय. पेरूचा तो करडा पतंग 1917 मध्ये कुणाच्या कामाचा नव्हता, पण 2014 मध्ये आपल्या शेतकऱ्याच्या कामाचा ठरला. कोणत्या नोंदीचा उपयोग कधी होईल ते लिहिताना कळत नसते, म्हणून नोंद नीट करायची. आणि तिसरी गोष्ट त्यांच्या उणिवेतून शिकायची. आपण कितीही जाणकार झालो तरी नवे साधन, नवी पद्धत आली तर ती शिकून घ्यायची. शिक्षकांनीसुद्धा!

कठीण शब्द

खाद्यवनस्पती – कीटकाची अळी जे झाड खाऊन जगते ते झाड
शृंगिका – कीटकाच्या डोक्यावरच्या मिशांसारख्या दोन काड्या
प्रजाती – जवळच्या जातींचा गट
कामगंध सापळा – मादीच्या वासाने नर कीटकाला ओढून घेणारा सापळा

विचार करा व लिहा

१. पतंगाच्या नावाबरोबर त्याची खाद्यवनस्पती माहीत असणे का गरजेचे आहे?
२. टोमॅटोवरच्या दोन नागअळ्यांमधले फरक तक्ता करून लिहा.
३. मेरिक यांनी मूळ नमुने जपले नसते तर काय झाले असते?

उपक्रम

शाळेच्या किंवा घराच्या परिसरात पोखरलेली पाने शोधा. एक पान काचेच्या बरणीत ओलसर कापसासोबत ठेवा. तोंडाला पातळ फडके बांधा. बरणीवर चिठ्ठी लावा – झाडाचे नाव, जागा, तारीख, तुमचे नाव. रोज एकदा पाहून वहीत चित्र काढा. रेघ बारीक आहे की चट्टा पसरट आहे ते लिहा. बरणीतून शेवटी कोण बाहेर आले, पतंग की माशी, ते वर्गात सांगा.